माझा पंचा तयारच

नाही, पण मी म्हणतो, पोरीचे हात पुसले यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा. तीस वर्षं निजामाबादच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, लोकांच्या जखमा धुतल्या, आणि घरची नात चिखलात हात घालणार आणि मी बघत बसणार? सहस्रा, अडीच वर्षांची. ताटात पप्पूभात, म्हणजे आपला वरणभात, आला की तो बोटांतून पिळायचा, ताटाला थापायचा, मग केसांना... की माझा पंचा तयारच. ओला पंचा, एकेक बोट, बेचकीतसुद्धा, आणि तोंडानं "छी छी".

बायको राजव्वा कावायची. "अहो, घालू द्या की हात! गार काय, चिकट काय, तिला कळणार कसं? तुम्ही सांगणार?" म्हटलं, सांगेन. सांगितलंही. "बाळा, हा चिखल. चिकट असतो." ती लांबून बघून मान हलवायची. शेजारच्या पोचय्याची नात भव्या, हिच्याच वयाची, सड्याच्या बादलीत ढोपरापर्यंत, तोंडाला मुग्गूचं, रांगोळीचं, पांढरं पीठ... मी पोचय्याला म्हणायचो, "अरे, पोर आहे की म्हैस?" तो हसायचा, "धुतली की पोरच निघते, अन्ना."

मग आली वसंतपंचमी. अक्षराभ्यासाला बासरला सरस्वतीच्या देवळात गेलो, दोन्ही घरं मिळून. देवीपुढं ताटात तांदूळ पसरलेले, मुलाचं बोट धरायचं आणि तांदळात ओम काढायचा. इतकंच काम! हट्टानं माझ्याच मांडीवर घेतली. बोट तांदळाला लावलं मात्र, पोरीनं अशी किंकाळी फोडली म्हणता... मूठ आवळली ती सुटेना. पुजारी म्हणतात, "आजोबा, नुसतं टेकवा." टेकवू काय? मूठ उघडली ती तळव्याला चिकटलेला एक दाणा माझ्यापुढं धरून, डोळ्यांत पाणी, "ताता, छी. पूस." मागं ही रांग! आणि शेजारी भव्या? दोन्ही हात ताटात, तांदूळ पुजाऱ्यांच्या मांडीवर, स्वतः हसतेय, पुजारी हसतायत.

माझा पंचा तयारच होता हो. पण हात उचलेना. शेवटी तिच्या वतीनं ओम मीच काढला... म्हणजे विद्या आली कुणाला? मला, सदुसष्टाव्या वर्षी. फार वाईट वाटलं. पुसता पुसता या पोरीचं काय काय पुसून टाकलं मी, कुणास ठाऊक.

आता रोज सकाळी धोतर वर खोचून अंगणात चिखल कालवतो. मी! कंपाउंडर! "ये गं, बघ कसं गार लागतं." ती पायरीवरून बघते. काल मात्र उतरली, अगदी चिखलाच्या कडेशी आली, हात पुढं केला... आणि तिनं माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, समोर बसली आणि माझं एकेक बोट पुसायला लागली. बेचकीतसुद्धा. "छी, ताता."

राजव्वा दारातून म्हणाली, "बघा, सांगितलेलं कळतं की तिला."

मी काय करणार? दुसरा हात पुढं केला.