पंख्याचं बटन

थांब, थांब, स्नेहल. काय म्हणालीस आत्ता? परत म्हण बरं. ‘काकू, पंख्याचं बटन तुम्हीच बंद करा, महेशदादाच्या वेळी केलं होतं तसं’ — असंच म्हणालीस ना? महेशच्या वेळी मी बंद केला होता पंखा? मी? कोण म्हणालं? — हे म्हणाले? तुला एकटीला? — सगळ्यांना? प्रत्येक घरात? अगं बाई. नाही, उठू नकोस, बटनाला हात लावू नकोस. राहू दे पंखा चालू. आणि जमिनीवर काय बसलीस, खुर्चीवर बस — मयताच्या घरी खाली बसायचं, पाणी दिलं तरी नेत्रदानाचं नक्की होईतो घोट घ्यायचा नाही, हे यांनीच शिकवलंय ना तुला? मला ठाऊक आहे गं सगळं, जन्म गेला माझा त्या माणसाबरोबर. पहाटे गेलेत, आतल्या खोलीत पडलेत निवांत, कुठे पळून जात नाहीत. आणि ते तुमचे डोळ्यांचे डॉक्टर बाहेर गाडीत बसलेत, त्यांना म्हणावं जरा दम धरा.

कुकर विकायचे हे, तुला माहीतच आहे, अख्खं इंदिरानगर कुकरवाले काकाच म्हणतं. पण कसे विकायचे ते माहितीये? सिन्नर, नांदगाव, मालेगाव — एसटीच्या टपावर खोकी चढवायची, गावात उतरायचं, आणि बायकांच्या स्वयंपाकघरात बसून डाळभात शिजवून दाखवायचा. तेव्हा बायका घाबरायच्या गं कुकरला, फुटेल म्हणायच्या, लांब उभ्या राहायच्या पदर तोंडाला लावून. तर हे स्वतः झाकण कधीच लावायचे नाहीत. बाईच्या हातात द्यायचे — ‘वहिनी, तुम्हीच लावा.’ एकदा तिने लावलं, शिट्टी झाली, की संपलं, मग ती बाई कुकर परत देत नाही. जेवायला बसले की मला सांगायचे, ‘आपण करायचं नाही, गिऱ्हाइकाच्या हातून करवून घ्यायचं. स्वतःच्या हाताने केलेलं माणूस मोडत नाही.’ नांदगावला माझ्या आईकडूनही असंच झाकण लावून घेतलं होतं, आणि कुकर देऊन मला घेऊन आले. हस, हस, हसायला काय झालं? देखणे होते तेव्हा.

रिटायर झाले, मला वाटलं आता घरात बसतील. कसले बसतात! रक्तदान काय, अमरधामला लाकडं पोचवणं काय, सिंहस्थात हरवलेल्या म्हाताऱ्या गोळा करून त्यांच्या त्यांच्या गाडीत बसवणं काय — घरचा नळ गळत असायचा, ते नाही बघायचे. आणि मग कुठलंसं नेत्रदानाचं भाषण ऐकून आले, ते पुरते त्यातच गेले. कॉलनीत कोणी गेलं, की रडं नीट ऐकू यायच्या आधी यांच्या पायात चपला. घरात शिरले की पहिलं वर बघायचे, पंख्याकडे. वाऱ्याने बुबुळ सुकतं ना — पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, सहा तासांच्या आत डॉक्टर आणायचे — बघ, मलासुद्धा पाठ आहे. आणि मग घरच्या कर्त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, ‘दादा, बटन तुम्हीच बंद करा.’ तोच कुकर! ज्याने बटन बंद केलं, तो पुढे नाही म्हणतच नाही. लोक टरकायला लागले होते यांना. पलीकडचे भिकनराव आजारी होते, हे बघायला गेले, तर ते अंथरुणातून म्हणाले, ‘काका, एवढ्यात वर बघू नका हो.’ आम्ही काय हसलो होतो त्या दिवशी.

महेश होता तेव्हा. त्यालाच नक्कल करून दाखवत होते भिकनरावांची.

हो, घड्याळ बघतेयस, बघ. मीही बघतेय. वेळ जातोय ते मला कळत नाही असं समजू नकोस. पण तू सांगितलंस ना आत्ता की मी बंद केला होता पंखा, आता मी सांगते काय झालं ते. मी नव्हतेच गं इथे. भाच्याच्या लग्नाला नांदगावला गेले होते, मे महिना होता. महेश कंपनीतून येत होता सिन्नरहून, मोटारसायकलवर, आणि तो ट्रक — जाऊ दे. मला कोणी काही सांगितलं नाही, अपघात झालाय, एवढंच. नाशिकरोडला उतरले, रिक्षाने घरी आले, दारात ही चपलांची रास. पोरगं हॉलमध्ये निजवलेलं. डोळ्यांवर कापूस. मला वाटलं, लागलं असेल डोळ्याला. आणि असं उकडत होतं — त्याला उकाडा मुळीच सहन व्हायचा नाही, शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी पंखा लावायचा. मी ओरडले, अरे, पंखा का बंद केलाय, लावा कोणीतरी! तर हे कोपऱ्यातून उठले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, ‘लाव. आता चालेल.’

आता चालेल. कळलं ना तुला? मलाही कळलं. यांची ती सगळी भाषणं मी पोळ्या लाटताना ऐकलेली. ‘आता चालेल’ म्हणजे डॉक्टर येऊन गेले. मी गाडीत होते तेव्हाच येऊन गेले. सगळ्या नाशिकला हात जोडून विचारत फिरला हा माणूस — वाळूशेट भाजीवाले गेले तेव्हा तर त्यांच्या सासूबाई हो म्हणेपर्यंत ओट्यावर बसून राहिला — आणि माझ्या पोराचं मला नाही विचारलं. बटन स्वतः बंद केलं. आयुष्यात तेवढं एकच स्वतःच्या हाताने केलं असेल.

भांडले नाही मी. काय भांडणार! त्यानंतर त्या विषयावर या घरात चकार शब्द नाही. ते त्यांच्या कामाला, मी माझ्या. आणि आज तू सांगतेस की हे घरोघरी जाऊन — काय म्हणायचे नक्की? सांग, संकोच करू नकोस. — ‘माझा तरणा मुलगा गेला, तर त्याच्या आईने स्वतः उठून पंखा बंद केला.’ असं? डोळ्यांत पाणी आणून? अस्सं. म्हणजे हा त्यांचा माल होता होय. माझ्या नावावर खपवला. आता मला उलगडतंय बघ — हळदीकुंकवाला अनोळखी बायका माझ्या पाया पडायच्या. एक बाई तर गळ्यात पडून रडली होती, ‘तुमच्याकडे बघून मला बळ आलं,’ म्हणाली. मी आपली वेड्यासारखी हसले, मला वाटलं भजनी मंडळातली कोणी ओळखीची असेल. अगं, त्या सगळ्यांनी माझ्याकडे बघून बटनं बंद केली! आणि मी इकडे रोज त्याच्या फोटोसमोर बसून यांना शिव्या देत होते.

आणि विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हेच तुझ्या मनात आहे ना? नाही म्हटलं असतं. साफ नाही. पोराला हात लावू दिला नसता कोणाला. हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर विचारलं नाही. कोणाला तरी दिसायला लागलं असेल, चांगलंच झालं असेल, मी काय दगड आहे का? पण मला नाही म्हणू द्यायचं होतं गं. माझं होतं ते नाही म्हणणं. आई होते मी त्याची. रडले असते, भांडले असते, कदाचित यांनी आणखी तासभर बसून मलाही पटवलं असतं — एवढ्या जगाला पटवलं, मला पटवायला काय झालं होतं? भ्यायले. कुकर विकणारा माणूस घरच्या बाईला भ्यायला.

पहाटे यांच्या छातीवर हात ठेवला, काही लागेना हाताला. तेव्हा पहिलं काय केलं माहितीये मी? उठून पंखा लावला. मोठा करून लावला. आणि उंबऱ्यावर बसून राहिले बघत. सुकू देत म्हटलं. एकदा तरी यांच्या मनासारखं होऊ नये. — रडू नकोस, तू का रडतेस? तुझा काय दोष? तू शिकवलंय तसंच बोललीस बिचारी.

राहिलेत ना अजून थोडे तास? — हो ना? मग झालं. सरक जरा. नाही, धरू नकोस मला, गुडघे दुखतात पण चालता येतं. उशी घे ती, आणि कापूस देवघरात आहे, वातींचा. एवढा मोठा माणूस, जन्मभर एकच खोटं बोलला, आणि तेही माझ्या नावावर. ते खरं करायलाही मलाच उठावं लागतंय.

हं. झाला बंद. बोलव डॉक्टरांना आत. आणि स्नेहल — पुढच्या घरी जाशील, तिथे माझं नाव सांगू नकोस. जा आता.