पाच लेखांची साक्ष

ताई: म्हणजे ऑपरेशनची तारीख तुम्ही परस्पर रद्द केलीत, आणि मला ते हॉस्पिटलातल्या बाईंकडून कळतंय.

बाबा: रद्द नाही. तहकूब.

ताई: बाबा, हे कोर्ट नाहीये.

बाबा: जन्म गेला माझा कोर्टात कारकुनी करण्यात. रद्द आणि तहकूब यातला फरक मला कळतो.

ताई: त्या बाई म्हणाल्या, आज पाचपर्यंत कळवलंत तर गुरुवारची जागा ठेवतील. नाहीतर एकदम पुढचा महिना. आणि डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणालेत. मणक्यात नस दाबली गेलीये. डाव्या पायाची बोटं आत्ताच नीट उचलली जात नाहीत. असंच ठेवलं तर पाऊल कायमचं लुळं पडेल.

बाबा: एक डॉक्टर असं म्हणाला. एकाच्या साक्षीवर पाठ कापून घ्यायची?

ताई: आणि दारातली ती गादी? मला आडवं होऊन आत यावं लागलं.

बाबा: सकाळी आली. आणणाऱ्यांनी तिथेच टेकवली आणि गेले. आतपर्यंत न्यायचे पैसे वेगळे म्हणाले.

ताई: गादीनं नस सुटणार आहे?

बाबा: कडक गादी. पाठीचा कणा सरळ राहतो, नस हळूहळू मोकळी होते. हे माझ्या मनचं नाही. वाचलंय मी, आणि एका ठिकाणी नाही, पाच ठिकाणी. एक निवृत्त नर्स आहे, एक व्यायामशिक्षक, एक मालिश करणारे गृहस्थ, एक खेळाडूंचे सल्लागार आणि एक साधी गृहिणी. पाचही जण वेगळे, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि पाचही तेच सांगतात. याला पुरावा म्हणतात.

ताई: इंटरनेटवर काहीही लिहितात लोक.

बाबा: काहीही लिहिणारा कळतो. ही नर्स तशी नाही. डॉक्टरनं माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही, सगळा वेळ त्या काळ्या फिल्मकडे बघत होता. हिनं बघ काय लिहिलंय. थांब, चष्मा कुठे गेला...

ताई: कपाळावर आहे.

(धाकटा मुलगा दारातल्या गादीच्या कडेनं अंग चोरून आत येतो.)

धाकटा: ही गादी कुणाची? दार उघडेना नीट.

ताई: बाबांची. ऑपरेशनच्या ऐवजी.

धाकटा: म्हणजे?

ताई: म्हणजे ऑपरेशन तहकूब आणि गादी मंजूर.

धाकटा: बाबा, ही कुठून मागवलीत?

बाबा: लेखाच्या खाली निळ्या अक्षरात दिलं होतं. त्यावर बोट ठेवलं की दुकान उघडतं. मला जमलं हो, कुणाला विचारावं लागलं नाही.

ताई: तू का असा बसलास? पाणी हवंय?

धाकटा: नको. कुठला लेख, बाबा?

बाबा: एक नाही, पाच आहेत. त्यातला हा नर्सचा, ऐका दोघंही. ‘तो माणूस उठताना आधी भिंतीला हात लावतो. मग थोडा थांबतो. घरातलं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतो, आणि मगच दुसरा पाय जमिनीवर ठेवतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, चष्मा शोधत होतो.’ आता सांग, ज्यानं असे पेशंट रोज पाहिलेत त्याच्याशिवाय हे कुणाला कळेल? हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. खरंच सांगतो. कुणालातरी कळलंय म्हटलं.

ताई: तू बोल की काहीतरी. तुझं रोजचं काम आहे ना लिहिण्याचं.

धाकटा: बाबा, पाच साक्षीदार एकच हकिकत त्याच क्रमानं सांगायला लागले, तर समोरचा वकील काय म्हणायचा?

बाबा: पढवलेत म्हणायचा. तेवढं मलाही कळतं, मी तपासलंय. नर्स म्हणते भिंत, व्यायामशिक्षक म्हणतात कपाट, गृहिणीनं टेबलाची कड लिहिलीये. पढवलेल्याला एवढं सुचत नाही.

धाकटा: तेवढं बदलावंच लागतं. तसाच्या तसा लेख दुसरी साइट घेत नाही.

बाबा: तुला काय माहीत?

धाकटा: पाचही मी लिहिलेत.

बाबा: कुणी?

धाकटा: मी. नर्स मी, व्यायामशिक्षक मी, गृहिणीही मीच.

बाबा: काहीतरी सांगू नकोस. तुला इतकं चांगलं लिहिता येत नाही.

ताई: बाबा.

बाबा: खरं तेच बोलतोय. शाळेत याच्या निबंधांखाली सह्या मी केल्यात. गाईला चार पाय असतात याच्या पुढे कधी गेला नाही.

धाकटा: त्या गादीवाल्यांचं काम आमच्याकडे आहे. त्यांना लोक त्यांच्या साइटवर यायला हवेत, आणि जाहिरात तर हल्ली कुणी वाचत नाही. म्हणून आम्ही लेख लिहितो, उपयोगाचा वाटेल असा, एक आमच्या साइटवर ठेवतो आणि तोच थोडा बदलून दुसऱ्यांच्या साइटना फुकट देतो. त्यांना मजकूर मिळतो. आम्हाला शेवटची एक ओळ मिळते, दुकानाच्या लिंकची. वाचणाऱ्याला पटलं की तो त्यावर बोट ठेवतो.

ताई: आणि नर्स कुठून आली?

धाकटा: लेखाखाली कुणीतरी लागतं.

ताई: आणि ऑपरेशन टाळता येतं, हे कुणाला विचारून लिहिलंस?

धाकटा: कुणालाच नाही. नुसतं ‘कंबरदुखी’ शोधणारे लोक कमी असतात, ‘ऑपरेशनशिवाय’ शोधणारे खूप. तो शब्द दोनतीनदा आला की लेख वर दिसतो. म्हणून घातला.

ताई: लाज नाही वाटली?

धाकटा: आत्ता वाटतेय. तेव्हा वाचणारे म्हणजे मला आकडा होता, ताई. सकाळी रिपोर्ट यायचा, आकडा वर गेलेला दिसला की दिवस चांगला जायचा. या घरातलं कुणी त्यात असेल हे मनातही आलं नाही.

ताई: दुसऱ्याच्या घरातलं असलं तर चाललं असतं?

धाकटा: चाललंच होतं.

बाबा: तू जरा गप्प बस गं. मला याला विचारू दे. तू डॉक्टर नाहीस.

धाकटा: नाही.

बाबा: पेशंट पाहिले नाहीस.

धाकटा: नाही.

बाबा: तुझी स्वतःची कंबर दुखत नाही.

धाकटा: नाही.

बाबा: मग तो भिंतीला हात लावणारा माणूस कोण?

धाकटा: बाबा, माझी खोली समोर आहे. सकाळी दार उघडं असतं.

बाबा: तू झोपलेला असतोस.

धाकटा: जागा असतो. तुम्ही माझ्या दाराकडे बघता तेव्हा डोळे मिटून घेतो.

बाबा: किती दिवस?

धाकटा: बरेच. पावसाळ्याच्या आधीपासून.

बाबा: आणि एका शब्दानं बोलला नाहीस.

धाकटा: तुम्हाला आवडलं नसतं. म्हणाला असतात, चष्मा शोधत होतो.

बाबा: जगाला मात्र सांगितलंस.

धाकटा: तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. लिहायला सुरुवात पाहिजे होती, आणि डोळ्यांसमोर तेच होतं. ऑफिसात साहेबांनी लेखाची सुरुवात सगळ्यांना वाचून दाखवली. म्हणाले, दुखणं असं लिहिता आलं पाहिजे.

ताई: आणि खाली गादी विकता आली पाहिजे.

बाबा: म्हणजे दुखणं माझं खरं, आणि उपाय दुकानाचा.

धाकटा: हो. गादी वाईट नाहीये, बाबा. झोपायला चांगलीच असेल. पण दाबलेल्या नसेचं तिला काही कळत नाही, आणि मलाही नाही.

बाबा: माझ्यासारखे आणखी किती जण वाचत असतील?

धाकटा: खूप. दुखणारेच वाचतात ते.

बाबा: ते काढून टाक.

धाकटा: आमच्या साइटवरचा आज बदलतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल तर ते करा, असं स्पष्ट लिहितो. साहेबांना नंतर सांगेन. बाकीच्या चौघांना विनंती करावी लागेल, आणि तिथून पुढे ज्यांनी उचलला असेल त्यांचा पत्ताही मला माहीत नाही.

ताई: नोकरी राहील?

धाकटा: बघू.

बाबा: साक्ष मागे घेता येते, धाकट्या. पण निकाल लागायच्या आत. किती वाजले?

ताई: साडेचार होतायत.

बाबा: लाव फोन त्या बाईंना.

ताई: काय सांगू?

बाबा: गुरुवारी येतोय म्हणून सांग. कारण विचारलं तर सांग, म्हातारा हट्टी आहे. तेवढं त्यांना चालतं.

ताई: लागतोय. हॅलो, हो, मघाशी बोलले ना मी. बाबांचं नक्की झालंय. गुरुवार. हो, उपाशीपोटी. आदल्या संध्याकाळी दाखल करायचंय ना? चालेल. बरोबर एकच माणूस? बरं. बाबा, रात्री एकालाच थांबता येईल म्हणतात. मी सुट्टी काढते.

बाबा: तू नको. तुझी पोरं लहान आहेत. याला येऊ दे.

धाकटा: मी? ताईला तिथलं सगळं माहीत आहे. मी नुसता बसून काय करणार?

बाबा: डॉक्टर परत विचारतील, कुठे दुखतं, कसं दुखतं. मला धड सांगता येत नाही. मागच्या वेळीही विशेष काही नाही म्हणून आलो. तू सांग.