वेणूचं झाड रस्त्यापलीकडं राह्यलं

माझं माहेर सावली गावाकडचं, धानाच्या बांद्यांतलं, सारं कसं मोकळं, अन् लगन होऊन इकडं आली त मले जंगल पाहूनच रडू आलं, काय सांगू ताई तुम्हाले. सासू म्हणे, रडतेस काऊन व, जंगल काय खाते का कोनाले? अन् तवा नव्हतंच खात. जंगलातून नाला निंघे, नाल्याच्या दोन्ही अंगानं झाडं, ते थेट नदीपावत. त्याच वाटेनं चितळं जात, अस्वल जाये, वाघही जाये. सकाळी पायाचे ठसे दिसले का सासू म्हणे, पानी प्याले गेला बिचारा, चला आपन आपल्या वाटेनं.

वेणू माझी धाकटी जाऊ. जाऊ कायची, पाठची बहीनच. पन तोंड असं का बोलाले लागली त गावातले कुत्रे चूप होत. मी म्हणो, अव वेणे, जरा हळू बोल, देव बहिरा नाई. ते म्हणे, तुमचा बुढा त हाये ना बहिरा! अन् मंग आम्ही दोघी चुलीपाशी बसून हासो, माझा नवरा बिचारा पाहतच राहे.

आमच्या घरी मोहाची दोन झाडं, नाल्याच्या काठी. कोनतं झाड कोनाचं ते गावात ठरलेलं राह्यते, दुसऱ्याच्या झाडाखाली कोनी वाकत नाई. सासूनं जाताना वाटून देल्ली, अलीकडचं मले, पलीकडचं वेणूले. आता मोहा वेचाले वाकलं का मानूस दिसत नाई जी, म्हणून आमची बायांची रीत होती. एकीनं कूऽऽ केलं का दुसरीनं आपल्या झाडाखालून कूऽऽ कराचं, मंग तिसरीनं, असा आवाज फिरून पहिलीपाशी आला का समजाचं, साऱ्याजनी हाये. वेणूचा आवाज त पार गावात ऐकू ये.

मंग कोयशाची खदान आली, तिच्या मातीचे डोंगर झाले, त्यावर बाभळी माजल्या. ऊर्जानगरच्या अंगानं बिजलीघराचे क्वाटरं होतेच, आता प्लाट पडले, भिंती झाल्या. मी तिकडं भांडे घासाले जातो ना, पाह्यतो, भिंतीमागं उष्टं फेकून देतात, त्यावर डुकरं येतात, अन् डुकराच्या मागं कोन येते ते सांगाले पाहिजे का? मी बाईले म्हटलं, असं फेकू नोका. ते म्हणे, मावशी, तुमच्या गावातच जास्त येतात ना? तिच्या घरी भिंत हाये, माझ्या घरी तुराट्याचं कूड.

अन् मंग तो मोठा रस्ता आला, नाल्याच्या मधातून. नाला पाइपात घातला, झाडं तोडली. माझं झाड इकडं राह्यलं, वेणूचं तिकडं. जनावराची वाटच गेली ना ताई, ते कुठी जाईन? तिकडच्या बाभळीतच राहाले लागलं.

त्या सकाळी आम्ही दोघी संगच निंघालो. रस्त्यावर वेणू म्हणे, बाई, आज घरी जाऊन भाकरी तुम्हीच टाका, मी मोहा पसरवीन. बस, एवढंच. उजाडलं होतं चांगलं. मी वेचता वेचता कूऽऽ केलं. कोयशाचे ट्रक चालूच होते, एकामागं एक. मले वाटलं, ओ आली. पलीकडच्या बाईले वाटलं, मले आली असन. साऱ्यांयले वाटलं दुसरीनं ऐकलं. टोपली भरली, रस्त्यावर येऊन उभी राह्यली, हाका मारल्या, वेणे, ओ वेणे! ट्रक कुठी थांबते? हात जोडत जोडत रस्ता ओलांडला, त झाडाखाली तिची टोपली तशीच, अर्धी भरलेली, अन् एक चप्पल.

आग लागो त्या रस्त्याले! वाघाले गंज शिव्या देल्ल्या मी, फारेस्टवाल्यायनं पिंजऱ्यातून नेला तवा गोटाही भिरकावला. अन् घरी येऊन रडली, त्याच्याचसाठी रडली का वेणूसाठी, मले समजलं नाई. दुसरा आला मंग त्याच्या जागी. येईनच ना.

बुढा म्हणते, ते झाड तोडून टाकू. म्या म्हटलं, खबरदार. सासूनं तिले देल्लं हाये. यंदाही मोहा पडला, पडला अन् तिथीच सुकला, कोनी वेचला नाई. तिकडून वारा आला का वास येते, मंग मले भाकर गोड लागत नाई.

लिहून झालं का? मंग निंघा ताई, ऊन हाये तवर. लेकराबाळांत सुखी राहा. नाल्याकडून जाऊ नोका, रस्त्यानंच जा, अन् पलीकडं पोचल्या का मांगं पाहून हात वर करा. आवाज नाई पोचत इथवर. मी दारात उभी राहतो, तुमचा हात दिसल्याबिगर आत जात नाई.