बाळाच्या खोलीतला निळा दिवा

...आणि वर मलाच विचारतात, 'तू तिथे झोपलासच कशाला?' आता बोला! तुम्हाला सांगतो, माणसाला स्वतःच्या घरात झोपायचीसुद्धा चोरी. हसताय ना? डोळ्यांना पट्टी आहे, दिसत नाही, म्हणून आपलं विचारलं.

तर आमचा दादा. पुतण्या झाला तेव्हापासून दादाला घरभर जंतू दिसायला लागले. दाराच्या कडीवर जंतू, माझ्या मिशीत जंतू. मी वरच्या माळ्यावरून उतरून बाळाला घ्यायला गेलो की, 'हात धुतलेस? कोपरापर्यंत?' मग एक दिवस हॉस्पिटलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून लांबलचक ट्यूब घेऊन आला. 'जंतू मारणारा दिवा आहे, ऑपरेशनच्या खोलीत लावतात.' बसवला बाळाच्या खोलीत, बटण बाहेर. रोज दुपारी दार ओढून पेटवायचा, आणि दाराखालून तो निळा उजेड पाणी झिरपावं तसा बाहेर यायचा. खोली स्वच्छ होती हो, ते कबूल करायला हवं.

पण तिथे काहीतरी... कसं सांगू? कोपऱ्यातला कोळी जाळं तसंच टाकून गेला. खिडकीतलं रोप दिव्याच्या बाजूने करपलं. बाळाचं पिवळं रबरी बदक एका अंगाने पांढरंफटक. वहिनी ताटलीत पावाचा तुकडा विसरली होती, पंधरा दिवस झाले तरी पांढरा तो पांढराच. मी म्हटलं, 'दादा, अरे, इथे बुरशीसुद्धा राहायला तयार नाही.' तर म्हणतो, 'तेच तर हवंय! सोमवारपासून बाळ तिथे झोपेल, दिवा रात्रभर चालू ठेवू.' दादापुढे कोण बोलणार?

रविवारी पाहुणे आले, माझ्या माळ्यावर पसरले, म्हणून दुपारी मी त्या खोलीत आडवा झालो. दादाने सवयीने दार ओढलं, बटण दाबलं, आत डोकावलासुद्धा नाही. मला जाग आली तर सगळं निळं. हात निळे, भिंती निळ्या, कसलासा उग्र वास, आणि माशीचासुद्धा आवाज नाही. वाटलं, झालं, आपण गेलो... आणि इथेही कोणी न्यायला आलेलं नाही. पण खोली स्वच्छ होती हो.

संध्याकाळी डोळ्यांत कोणी वाळू ओतल्यासारखं, तोंड भाजलेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, 'असे किरण सूर्यही रोज पाठवतो. वर ओझोनचा थर आहे, तो ते खाली येऊच देत नाही. म्हणून गवत आहे, गुरं आहेत, तुम्ही आहात. तुम्ही घरात तो थर नसलेला सूर्य टांगलात.' दादा चाचरला, 'उद्यापासून बाळाला तिथेच...' आणि त्याने माझा खांदा घट्ट धरला. मला भडभडून आलं, आणि सांगतो, रडलं की डोळे आणखीच झोंबतात.

त्याच दिवशी दिवा उतरवला. वहिनी म्हणाली, 'भाऊजी, तुम्ही आमच्या बाळाचा ओझोन झालात.' बरं वाटलं. खरंच आहे म्हणा, इतकी वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर राहतोय, कोणी वर बघितलं नाही, भोक पडलं तेव्हा कुठे चौकशी.

आता घरात ठरलंय, बाळाला माझा माळा द्यायचा. हवा चांगली आहे म्हणे. आणि मला ती खोली... कोळी अजून परतलेला नाही, पण स्वच्छ आहे हो, ते कबूल करायला हवं.