प्रश्न सोपे होत गेले

मामा : पन्नास.

भाची : नाही.

मामा : नाही काय? माल भरलेला ट्रक जाताना चाळीसच्या वेगाने जातो, रिकामा येताना साठच्या. रस्ता तोच. चाळीस आणि साठ शंभर, त्याचे निम्मे पन्नास. सरासरी वेग पन्नास.

भाची : अठ्ठेचाळीस.

मामा : छपाईची चूक आहे.

भाची : मामा, हे कॉम्प्युटरवर आहे.

मामा : मग टायपिंगची आहे. अगं, ट्रक रवाना करण्याच्या खात्यात आयुष्य गेलं माझं. वेळापत्रक मी करतो. मी पन्नास धरतो, माझ्या आधीचे पन्नास धरायचे, आजवर कुणाची तक्रार नाही.

भाची : जाताना हळू जातो, म्हणजे जायला वेळ जास्त लागतो. म्हणजे जास्त वेळ तो चाळीसनेच चाललेला असतो. म्हणून सरासरी चाळीसकडे झुकते. पटतंय?

मामा : ऐकतोय.

भाची : तुमचे ट्रक वेळेवर परत येतात का रे?

मामा : ड्रायव्हर लोक वाटेत गप्पा मारत बसतात.

भाची : असं ते म्हणतात?

मामा : असं मी म्हणतो. तसे मेमो दिलेत त्यांना. पुढचा प्रश्न घे.

भाची : किती जणांना दिलेस?

मामा : पुढचा प्रश्न घे म्हटलं ना.

भाची : बरं. आता हा वेगळा प्रकार. यात उत्तर काढायचं नाही. दिलेल्या माहितीवरून उत्तर काढता येईल की नाही, एवढंच सांगायचं.

मामा : काढायचंच नाही?

भाची : नाही.

मामा : अशी माणसं आमच्या ऑफिसात आहेत. सगळ्यांना बढत्या मिळाल्या.

आई : येऊ का? व्यत्यय नको म्हणून मघापासून बाहेरच थांबले होते. दादा, कॉफी घे. हिला सगळं नीट समजावून सांग रे. भारी घाबरट आहे. परीक्षेचं नाव काढलं की हिचे हातपाय गार पडतात.

भाची : आई, माझी परीक्षा झाली. गेल्या महिन्यात. निकालही लागला.

आई : लागला, पण मुलाखत व्हायचीय ना! म्हणून तर मामा सुट्टीचा दिवस मोडून येतोय. दादा, हिच्या डोक्यात शिरतंय का काही?

मामा : शिरतंय. हळूहळू.

आई : शाळेत असताना तू मलाही असंच शिकवायचास. आठवतं? चुकलं की पट्टी मारायचास. हिला मार हवं तर, माझी हरकत नाही. चालू द्या तुमचं.

भाची : गेली. मामा, तू आईला अजून सांगितलं नाहीस?

मामा : काय सांगायचं?

भाची : की कोण कुणाला शिकवतंय.

मामा : तिने विचारलं नाही. आणि आता सांगायची गरजही उरली नाही. तुला म्हणून सांगतो, एमबीएची ती प्रवेशपरीक्षा आपल्या खिशात आहे. शुक्रवारी ऑफिसात बसून अख्खी सराव-परीक्षा दिली मी. तू दिलेल्या साइटवरची. लंच टाइममध्ये, सगळा स्टाफ मागे उभा.

भाची : अरे वा! किती पडले?

मामा : ते ईमेलवर कळवतो म्हणाले. मी पत्ता दिलाच नाही. मग रोज जाहिराती येत बसतात. पण गुण कशाला हवेत? माणसाला आतून कळतंच ना. सुरुवातीचे प्रश्न जरा दमदार होते. घाम फोडला, खोटं कशाला बोलू! पण मग माझा हात बसला. प्रश्न सोपे होत गेले. सोपे, आणखी सोपे. शेवटाला तर पंचवीसाचे वीस टक्के किती, असलं विचारायला लागले. मला त्यांच्यासाठी लाज वाटली गं.

भाची : सोपे होत गेले?

मामा : लोण्यासारखे.

भाची : मामा...

मामा : काडी मागे उभा होता. माझा ज्युनिअर. खरं नाव वेगळं आहे, पण अंगाने तसा म्हणून मीच ठेवलं, आता सगळं ऑफिस काडीच म्हणतं. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. एवढुसा झाला होता.

भाची : मामा, मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही परीक्षा कशी चालते ते.

मामा : सांगितलं असशील.

भाची : तेव्हा तू मला पुरवठा व्यवस्थापन समजावत होतास.

मामा : महत्त्वाचा विषय आहे तो.

भाची : सगळ्यांना एकच पेपर नसतो यात. तू उत्तर बरोबर दिलंस की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड देतो. चुकलास की सोपा देतो.

मामा : बरं.

भाची : पुन्हा चुकलास की आणखी सोपा.

मामा : बरं.

भाची : तुला कुठल्या पायरीवर उभं राहता येतंय ते शोधत तो खाली खाली येत जातो.

मामा : पंचवीसाचे वीस टक्के पाच. ते मी बरोबर दिलं.

भाची : हो. तिथे तुला उभं राहता आलं.

मामा : म्हणजे हात बसला नव्हता.

भाची : नाही रे.

मामा : मागे एवढी माणसं उभी होती. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

भाची : त्यांना कुठे माहीत असणार! जाऊ दे, सराव-परीक्षाच होती ना? खरी अजून लांब आहे. कुणाचं काही बिघडलं नाही.

मामा : बिघडलंय.

भाची : काय?

मामा : परीक्षा संपली तसा मी तडक मोठ्या साहेबांकडे गेलो. खातेप्रमुखाची जागा रिकामी होतेय. ती मलाच मिळणार होती, ऑर्डर सहीला गेली होती. मी म्हटलं, साहेब, नको. मी दोन वर्षं शिकायला चाललो. ही जागा एखाद्या तरुणाला द्या.

भाची : असं म्हणालास?

मामा : वर म्हणालो, माणसाने आपली झेप ओळखावी. साहेब उठून उभे राहिले. मग सगळ्या स्टाफला बोलावून मला तेच परत बोलायला लावलं. परत बोलताना मी थोडं वाढवलं.

भाची : आणि जागा?

मामा : काडीला दिली.

भाची : मामा!

मामा : ओरडू नकोस, तुझी आई पट्टी घेऊन येईल.

भाची : साहेबांना फोन कर. आत्ता. ऑर्डर उद्या निघेल ना? मग आज वेळ आहे.

मामा : साहेब रविवारी फोन उचलत नाहीत. काडीला करतो. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. त्यानेच उद्या साहेबांना सांगावं की, मला एवढ्यात झेपणार नाही, सरांनाच राहू द्या. तो असं बोललेला शोभून दिसेल.

भाची : तू बोललेलं नाही का शोभणार?

मामा : मी शुक्रवारी पुरेसं बोललोय. स्पीकरवर ठेवतो. मला शब्द सुचेनासे झाले तर तू काहीतरी धाडकन पाड, मी फोन ठेवीन.

काडी : हॅलो? सर?

मामा : हां, मीच. सहज केला फोन. जेवणं झाली?

काडी : सर, बरं झालं तुम्ही केलात. मी करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला.

मामा : का रे?

काडी : सर, तुम्ही रागवाल. शुक्रवारी तुम्ही परीक्षा देत होतात ना, तेव्हा मी मागेच होतो. ती परीक्षा मी दोन वेळा दिलीय, सर. दोन्ही वेळा आपटलो. म्हणून ऑफिसात कुणाला बोललो नाही. प्रश्न सोपे होत जातात त्याचा अर्थ मला माहितेय.

मामा : कसला अर्थ?

काडी : सर, तुम्हाला कळलंच असेल एव्हाना. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. तुमच्या कानात नुसतं म्हणालो असतो, सर, आज साहेबांकडे जाऊ नका, तरी भागलं असतं. सांगणारही होतो. पण तुम्ही उठलात, आणि माझ्या मनात आलं की हे गेले तर जागा... मी बाजूला होऊन तुम्हाला वाट करून दिली, सर. दारसुद्धा उघडलं.

(भाची खाली पाडायला टेबलावरचं जाड पुस्तक उचलते. मामा मानेनेच नको म्हणतो.)

काडी : सर? घरात सगळे खूश आहेत, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. मी उद्या साहेबांना खरं ते सांगून टाकतो. जागा तुमचीच आहे.

मामा : काही सांगायचं नाही.

काडी : पण सर...

मामा : अरे, मला काय माहीत नाही का ती परीक्षा कशी चालते! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला भाचीने. मला ठाऊक होतं शुक्रवारी. ठाऊक असूनच गेलो मी साहेबांकडे.

काडी : खरंच, सर?

मामा : शिकायला कच्च्यानेच जायचं असतं. पक्क्याला कोण शिकवणार? तू जेव बघू आधी. आणि उद्या जागेवर बसलास की पहिलं काम सांगतो. वेळापत्रकात सरासरी वेग अठ्ठेचाळीस धर.

काडी : आपण तर पन्नास...

मामा : चुकतंय ते. ड्रायव्हरांना दिलेले मेमोही मागे घे. सही माझी आहे, तेव्हा कारण माझ्या नावावर लिही. ठेवतो.

भाची : का असं केलंस? तो आपणहून देत होता.

मामा : देत होता.

भाची : त्याची दया आली म्हणून?

मामा : तसं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्याने सगळं ओकून टाकलं गं. स्वतःहून, समोरून. आणि मी? सांगायचं सोडाच, फोन केला होता तो त्यालाच बळी द्यायला. मग मला एकदम वाटलं, याच्यापुढे तरी आपण जरा बरे दिसावं. म्हणून मोठेपणा घेतला. तोही खोटं बोलून.

भाची : आता घरी मामीला काय सांगणार?

मामा : मामीने शुक्रवारीच सांगितलंय मला, की तुम्हाला काही येत नाही. तिला नवीन काही नाही.

भाची : आणि परीक्षा?

मामा : आता द्यावीच लागेल. मार्गच ठेवला नाही मी दुसरा. खरं सांग, मला कुठपासून येत नाही?

भाची : रागावणार नाहीस?

मामा : नाही.

भाची : अपूर्णांकांपासून.

मामा : म्हणजे पाचवी.

भाची : चौथी.

मामा : बरं, घे तिथपासून. थांब, आधी दार लावून घे.