रात्री घरात कोण जेवत नाही?

रशीदचाचा, मॅडमच्या घरची मंडळी, अमरावतीहून आलेले डॉक्टरसाहेब, अकोटकडच्या गावांतून सकाळच्या एसटीनं आलेले आईवडील, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

माझं नाव प्रवीण. मी इथे अकोल्यात एका छापखान्यात कंपोझिंगचं काम करतो. दुसऱ्यांची भाषणं मी पुष्कळ टाइप केली आहेत, स्वतः कधी केलेलं नाही. म्हणून लिहून आणलं आहे. वाचता वाचता थांबलो तर मला थोडा वेळ द्या. मी पुढे वाचीन. अर्ध्यावर खाली बसणार नाही.

डॉ. कुंदा मॅडम गेल्या त्याला आठवडा झाला. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अमरावतीत परवा त्यांची मोठी शोकसभा झाली. तिथे मोठी माणसं बोलली. लहान मुलांची दुर्बिणीची ऑपरेशनं आपल्या भागात त्यांनी सुरू केली, पोट न फाडता बारीक छिद्रांतून, हे सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण ही सभा वेगळी आहे. ही आपली सभा आहे. रशीदचाचांच्या या लाकडाच्या वखारीमागच्या खोलीत दर रविवारी मॅडम ज्या मुलांना तपासायच्या, त्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची. आपण कोण आहोत ते बाहेरच्या माणसाला आपल्याकडे पाहूनच कळतं. आपण जाड मुलं. काही अजून आहोत, काही होतो.

मी शाळा नववीत सोडली. नापास होऊन नाही. बाकावर मला दोघांची जागा लागायची आणि शेजारी कोणी बसायला तयार नसायचं.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या बाबांना विचारून सांगतो आहे. बाबा तिकडे लिंबाखाली उभे आहेत. ते म्हणाले, "सांगजो. काही लपवू नको."

आमचं गाव अकोटजवळ. थोडी जमीन, आणि हंगामात बाबांना जिनिंगमध्ये काम. ती वर्षं तुम्हाला आठवतात. कपाशीवर लाल्या आला होता, पानं लाल पडून झडत होती. एका वर्षी पाऊस नाही, दुसऱ्या वर्षी नको तेव्हा पाऊस. गावात प्रत्येक घराचा आवाज बसल्यासारखा झाला होता. आणि त्या सगळ्यात मी फुगत होतो. नुकसानीची पाहणी करायला एक साहेब आले. मी दारात बसून चहात टोस्ट बुडवून खात होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. म्हणाले, "शेतात काही नाही म्हणता. पोट्ट्याकडं पाहून तं नाही वाटत तसं."

सगळे हसले. बाबाही हसले. पण त्या दिवसापासून दारात कोणी आलं की मला आत पाठवायचे. मंडळी, आपल्यापैकी किती जणांना असं आत पाठवलं गेलं आहे? हात वर करू नका. मला माहीत आहे.

पुढे माझं पोट दुखायला लागलं. जेवलो की उजव्या बाजूला कळ यायची. गावच्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. तिथे पहिल्यांदा मॅडम भेटल्या. पित्ताशयात खडे निघाले. मॅडम म्हणाल्या, वजन फार असलं की लहान वयातही होतात. त्यांनी दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. त्या नेहमी म्हणायच्या, लहान मुलाचं ऑपरेशन असं झालं पाहिजे की मोठेपणी त्याला आपला व्रण शोधावा लागेल.

पण आपल्या माणसांना व्रण मोठा लागतो. दुसऱ्या दिवशी माझी आत्या भेटायला आली. डबाभर शिरा घेऊन, वर तूप. म्हणाली, "टाके दाखव बरं." मी सदरा वर केला. बारीक बारीक पट्ट्या होत्या. आत्यानं वाकून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, आणि बाबांना म्हणाली, "इतकंच? दादा, तुले फसवलं यायनं. एवढं तं काटा काढतानी होते."

आणि ऑपरेशन लहान झालं म्हणून शिरा पूर्ण खायला हरकत नाही असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी डबा हातात घेतला. आम्हाला वाटलं आता रागावतील. त्यांनी एक चमचा खाल्ला. आत्याला म्हणाल्या, "चांगला झाला हो. विलायची घातली वाटते." आणि डबा बाबांसमोर धरला. "हा तुमी खा. इथंच, माह्यासमोर."

बाबा म्हणाले, "मले नाही जात, मॅडम."

"काहून?"

"भूकच नाही लागत."

मॅडमनी बाबांच्या मनगटाकडे पाहिलं ते मला आठवतं. बाबांचं घड्याळ कोपराकडे सरकत जायचं, इतका हात वाळला होता.

मग बाबांनी त्यांच्या मनातली गोष्ट काढली. ती ऐकून वॉर्डातल्या सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. बाबा म्हणाले, "मॅडम, एक विनंती होती. भोकं तं पडलीच आहेत. त्यातूनच याची चरबीबी काढून घ्या ना. पुन्हा याले आणाची गरज नाही."

आज तुम्ही हसता आहात. तेव्हा मॅडमही हसल्या. पण बाबांना नाही हसल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, चरबी काही पोत्यात भरून ठेवली नसते, तोंड उघडून वतली अन् झालं. जठर लहान करायचं ऑपरेशन असते. तेबी दुर्बिणीनंच होते. पण ते मोठ्या मुलायचं, अन् दुसरे सगळे उपाय करून झाल्यावर. याचं नाही करणार मी. अजून याची उंची वाढून राहिली."

बाबांना ऑपरेशनच पाहिजे होतं. ऑपरेशन झालं असतं तर मला आत पाठवावं लागलं नसतं, मी परत दारात बसलो असतो.

मग मॅडमनी खाटेजवळ बसलेल्या माझ्या आईला विचारलं. प्रवीण काय खातो, हे नाही विचारलं. ते सगळे डॉक्टर विचारतात. त्यांनी विचारलं, "बाई, मले सांगा, रात्री घरात कोण जेवत नाही?"

मॅडम थांबल्या. त्यांना थांबता यायचं. शेवटी आई म्हणाली, "हे पानावर बसतात अन् उठून जातात. भाकर तशीच राहते. भाजीबी. फेकून कसं द्यावं? मंग याले देतो. हा खाते तं बरं वाटते. वाटते, घरात कोणी तरी पोटभर जेवून राहिलं."

मंडळी, हे माझ्या आजाराचं कारण होतं. टोस्ट होते, गोड चहा होता, बिस्किटाचे पुडे होते. पण रोज रात्री मी माझं ताट आणि बाबांचं ताट, दोन्ही खात होतो. बाबा वाळत होते ते आणि मी फुगत होतो ते, एकाच चुलीवरचं होतं. आम्ही एका खोलीत राहत होतो आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

मॅडम बाबांना म्हणाल्या, "भाऊ, याचं वजन आटोक्यात आणायचं असन, तं आधी तुमाले जेवाव लागन."

"भूक नाही लागत म्हणलं ना."

"ऐकलं मी. झोप लागते?"

बाबा उठून खिडकीकडे गेले. पाठ करून उभे राहिले. मॅडमनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, "भूक अन् झोप गेली, त्याचे डॉक्टर खाली बसतात. आपण जाऊ. मी संग येतो तुमच्या."

आणि त्या खरंच बाबांच्या सोबत गेल्या. लहान मुलांची सर्जन, बाहेर रांग लागलेली, आणि एका बापाला हाताशी धरून दोन जिने खाली उतरली. माझ्या वजनाच्या इलाजाचा पहिला केसपेपर बाबांच्या नावानं निघाला.

बाबा त्या काळात मनात काय घेऊन फिरत होते, ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. इथे ते लिहिण्याची गरज नाही. आपल्या भागात राहणाऱ्याला ते कळतं. बाबा आज लिंबाखाली उभे आहेत, एवढंच मी वाचणार आहे.

(थोडं थांबतो.)

घरी आल्यावर नियम एकच होता. सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि बाबांच्या ताटातलं काहीही माझ्या ताटात यायचं नाही. संध्याकाळी बाप-लेकांनी मिळून चालायला जायचं. चहात साखर कमी झाली. बिस्किटं घेऊन येणाऱ्या पाहुण्याला आईनं हात जोडले. आत्या रुसली, मग आली. माझं वजन आधी वाढायचं थांबलं. उंची वाढत गेली. पुढे ते हळूहळू उतरलं. चमत्कार झाला नाही. मॅडमना चमत्कार आवडायचे नाहीत. कोणी पेपरवाला विचारायला आला की म्हणायच्या, "काही विशेष नाही. घरचे जेवून राहिले."

पुढे मॅडम आमच्यासारख्यांसाठी दर रविवारी अकोल्याला यायला लागल्या, आणि रशीदचाचांनी ही खोली दिली. इथली पद्धत तुम्हाला माहीत आहे, पण नवीन आलेल्यांसाठी सांगतो. वजनाच्या काट्यावर मुलगा एकटा चढत नाही. बाप चढतो, आई चढते, सोबत आलेली आजी चढते, मग मुलगा. काट्याचं तोंड भिंतीकडे. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही. एकदा शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी मुलीला घेऊन आले. म्हणाले, "मी कायले चढू? इलाज पोरीचा आहे. पोरीचं लग्न जमवाचं आहे, ऑपरेशन करून टाका."

मॅडम म्हणाल्या, "लग्नासाठी मी कोणाचं जठर कापत नाही. चढा तुमी काट्यावर."

ते चढले नाहीत. मुलीला घेऊन निघाले. दारापर्यंत गेले, आणि मुलगी दारातच थांबली. म्हणाली, "बाबा, तुमी चढा ना." तेव्हा चढले. पुढे पुष्कळ रविवार ते येत राहिले.

आणि हेही सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. मॅडम ऑपरेशनच्या विरोधात नव्हत्या. आपल्यातलीच एक मुलगी आहे. आडवी झाली की तिचा श्वास अडायचा, बसून झोपायची. चांगलं वर्ष-दीड वर्ष सगळे उपाय झाले, तपासण्या झाल्या, तिला स्वतःला समजावून विचारलं, आणि मग मॅडमनी मोठ्या डॉक्टरांना सोबत घेऊन तिचं ऑपरेशन केलं. दुर्बिणीनंच. ती आज इथे आहे. मी नाव घेणार नाही आणि कोणी मागे वळून पाहू नये.

आता मुख्य गोष्ट. मी त्यासाठीच उभा राहिलो आहे.

मागच्या रविवारी ही खोली उघडली नाही. मी आलो होतो. कुलूप होतं. लोहारा गावची एक बाई मुलाला घेऊन आली होती, ती माझ्यासमोर परत गेली. जाताना मुलाला म्हणाली, "चाल, संपलं ते आता." मुलगा खूश झाला. त्याला वाटलं सुटलो. मला रात्रभर तो शब्द सुटला नाही. संपलं.

मी चाचांकडे गेलो. चाचा गादीवर बसले होते. मी म्हणालो, "चाचा, आता कसं करायचं?"

चाचांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "बाबू, मॅडम गयी. तो बच्चे दुबले हो गये क्या?"

मी म्हणालो, "चाचा, मी डॉक्टर नाही. नववी शिकलो आहे."

"तेरे को ऑपरेशन करने को कौन बोला? दरवाजा खोलने को बोल रहा हूं."

म्हणून मी अमरावतीला गेलो. मॅडमच्या हाताखाली शिकलेले निखिल सर इथे बसले आहेत. त्यांना मी विचारलं. त्यांनी कबूल केलं आहे, एक रविवार सोडून एक रविवार ते येतील. ज्या रविवारी ते येणार नाहीत त्या रविवारी आहार सांगणाऱ्या ताई येतील. सर मला म्हणाले, "मी येईन. पण खोली रिकामी असली तर किती दिवस येऊ?"

बरोबर आहे त्यांचं. डॉक्टर आपल्याला मिळाले आहेत. आता आपण पाहिजे.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मॅडम होत्या म्हणून आम्ही येत होतो. मीही त्यांच्याचसाठी येत होतो. पण त्यांनी आपल्याला काय शिकवलं? एकट्या मुलाला काट्यावर चढवायचं नाही. मग आता त्यांच्या माघारी एकेका मुलाला एकेका घरात परत एकटं सोडायचं का? यंदाही कपाशीचं काही खरं नाही. यंदाही कुठल्या तरी घरात कोणी तरी पानावरून उठून जात असेल, आणि ते ताट कुठल्या तरी पोरासमोर सरकत असेल. त्या घराला तो प्रश्न कोण विचारणार? मी विचारणार आहे. मला अडखळायला होईल, पण विचारीन. तुम्ही तुमच्या शेजारी विचारा. त्याला डॉक्टर व्हावं लागत नाही.

येत्या रविवारी सकाळी मी कुलूप उघडणार आहे. काटा पुसून ठेवणार आहे. पहिल्यांदा मी चढीन, मग बाबा.

आता आपण मॅडमसाठी उभे राहू या. पोरांनो, तुम्हीही. डोळे मिटायलाच पाहिजेत असं नाही. मॅडमचा चेहरा आठवा, त्या गप्प बसून आपल्या उत्तराची वाट पाहायच्या तसा. तेवढा वेळ आपणही गप्प राहू. आणि मौन संपलं की ज्यांना रविवारी यायचं नाही त्यांनी खाली बसावं, त्यांना कोणी काही म्हणणार नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी उभं राहावं.

मी उभा आहे.