करंजाखालची झुलवण

ऐका. पण आधी ज्यांच्या खांद्यावर पोर आहे त्यांनी खाली बसून घ्या. हो, तुलाच म्हणतेय, दाराला टेकून वर-खाली, वर-खाली चाललंय ती. बस. थोपट हवं तर, पण गोष्ट संपेस्तोवर उसळवायचं नाही. का, ते कळेल.

तर आपल्याच गावची सून, कल्याणी. डी.एड. झालेली. वर्गात चाळीस पोरं एका नजरेनं गप्प करायची आणि घरी सव्वा वर्षाच्या एका पोरीपुढं हात टेकायची. पोरीचं नाव दुर्वा. दिवसभर गुणी, हसरी. पण झोप आली की बाई वेगळीच! पाळण्यात नाही, झोळीत नाही, मांडीवर तर नाहीच. कल्याणीनं उभं राहायचं, पोरीला खांद्यावर टाकायचं आणि गुडघ्यात वाकून वर-खाली, वर-खाली. अर्धा तास. कधी तासभर. पाय थांबले की पोरीचे डोळे टक्क उघडायचे आणि मग असं भोकाड पसरायची की पलीकडच्या आळीतली कुत्री उठायची.

बारा दिवसांची असताना पोटात कळ आली म्हणून रडत होती, तेव्हा कल्याणीनं पहिल्यांदा उसळवलं. गप्प झाली पोर. आईला आणखी काय हवं? हे सव्वा वर्ष चालणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं होतं? कल्याणीनं मोबाइलवर वाचून पाहिलं. एकानं लिहिलं होतं, ताबडतोब थांबवा. दुसऱ्यानं लिहिलं होतं, थांबवलंत तर मुलाच्या मनावर परिणाम होईल. तिला दोन्ही पटलं आणि ती वाचता वाचता उसळवत राहिली.

अंगातच मुरलं हो ते. फळ्यावर गणित लिहितानासुद्धा बाई हलायची. पोरं खिदळायची. सासूला ती आत्या म्हणायची. आत्या बघायच्या आणि ओरडायच्या, "रिकामा पाळणा हलवू नये, तसे रिकामे हातही हलवू नयेत गं! कुणीतरी येऊन निजतं त्यात."

"कोण येतंय आत्या? इथं आहे तीच निजेना!" कल्याणी म्हणायची. विज्ञान शिकवणारी बाई ती, दुसरं काय म्हणणार!

आता ऐका. माघाचे दिवस. कल्याणी माहेराहून निघाली ती मुळातच उशिरा. भावाच्या मुलाचं बारसं होतं, आणि बारशाला आलेल्या बाया दुर्वाला झोपवायच्या शर्यतीत उतरल्या होत्या. प्रत्येकीकडं उपाय! कुणालाच जमलं नाही, आणि त्यात वेळ गेला. वडापची शेवटची जीप मिळाली. रस्ता असा उखडलेला की जीप खड्ड्यातून खड्ड्यात उड्या मारत होती, आणि दुर्वा? गाढ! कल्याणीला वाटलं, या ड्रायव्हरलाच रोज रात्री घरी बोलवावं.

फाट्यावर ती एकटीच उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, सडकेनंच जावा. करंजाच्या वाटेला लागू नका."

"का हो?"

"नका म्हणजे नका. झुलवण असते तिथं."

आता झुलवण म्हणजे कोण, ते सांगते. तिथं पूर्वी दगडाची खाण चालायची. खाणीवर खडी फोडणारी एक बाई होती. दिवसा खडी फोडायची आणि रात्र रात्र पोर झुलवायची. अशीच एका रात्री उभ्या उभ्या तिचा डोळा लागला, पण पाय काही थांबले नाहीत. झुलवत झुलवत खाणीच्या काठापाशी गेली आणि पोरासकट खाली. तेव्हापासून तिचे हात रिकामे आहेत.

कल्याणीनं हिशेब केला. सडकेनं पाऊण तास, करंजाच्या वाटेनं पंधरा मिनिटं. पाऊण तासात पोर उठणार, नक्की उठणार. भुताला भिऊ की दुर्वाला? दुर्वाचीच भीती जास्त वाटली तिला. वळली की पायवाटेला!

करंजापाशी आली तोवर खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरली होती. तिनं शाल पसरली, दुर्वाला अलगद तिच्यावर ठेवलं आणि पिशवीचा बंद आवळला. झालं. एवढंच काम. पण काम झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत, हात छातीशी धरलेत आणि गुडघ्यातून वर-खाली, वर-खाली चाललंय. पोर खाली, हात रिकामे, आणि बाई उसळतेय!

तिला हसू आलं. "काय गं बाई तुझं," असं स्वतःलाच म्हणाली.

आणि हातांत वजन आलं.

दिसत काही नव्हतं. पण कोपरात एखाद्या डोक्याएवढा भार. थंडगार. कल्याणीनं हात झटकले, दुर्वाला उचललं आणि चालू लागली. मनात म्हणाली, हाताला मुंग्या आल्या असणार. शिकलेल्या माणसाला कारण लगेच सापडतं बघा!

आता वाट मऊ लागायला लागली. पाय टाकला की जमीन खाली दबायची आणि तिला वर उचलून द्यायची. नवारीच्या खाटेवर चालावं तशी. कल्याणीला काही करावंच लागेना! जमीनच पोरीला उसळवत होती. दुर्वा खांद्यावर सुस्त. सव्वा वर्षात पहिल्यांदा कल्याणीच्या पोटऱ्यांना आराम मिळाला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

समोर करंज आला.

अरे, करंज तर मागं गेला ना? असेल दुसरा. ती चालत राहिली. पुन्हा करंज. त्याच खोडाला तीच ढोली. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं, तर खाली तिच्याच चपलांचे ठसे. एकावर एक, एकावर एक. घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत होती बाई!

ती थांबायला गेली, आणि कानाशी आत्यांचा आवाज आला, "थांबलीस तर उठेल हं."

आत्या इथं कुठनं? मागं कुणी नाही. पायांनी आपोआप जोर धरला.

मग शेजारच्या काकूंचा आवाज, "तूच सवय लावलीस गं." वर-खाली, वर-खाली.

मग माहेरची मावशी, "आमची पोरं जमिनीवर टाकली की झोपायची." आणखी जोरात.

मग तिचा स्वतःचाच आवाज आला. अगदी तिचा, वर्गात शिकवतानाचा, स्वच्छ. "तुला जमत नाही, कल्याणी. पहिल्या दिवसापासून जमत नाही."

आणि दर उसळीला पोर जड होत चाललेली! आधी पायलीभर तांदळाएवढी, मग भरल्या हंड्याएवढी, मग पोत्याएवढी. खांदा निखळतोय की काय असं झालं. डोळ्यांत पाणी, छातीत श्वास मावेना, पण पाय? पाय काही थांबेनात.

तेव्हा ती दिसली.

चार पावलांवर उभी. उभी तरी कशी म्हणू? दोन्ही पाय एका वेळी जमिनीला लागतच नव्हते. कोपरापर्यंत हात पांढरे, खडीच्या धुळीनं. हातांची झोळी केलेली, आणि त्या रिकाम्या झोळीत वर-खाली, वर-खाली.

"दमलीस गं बाई," ती म्हणाली. इतकं मायेनं म्हणाली! "किती दमलीस. दे इकडं. माझ्याकडं लगेच निजते."

दुर्वानं डोळे उघडले. तिला बघून हसली आणि दोन्ही हात तिच्याकडं पसरले.

खरं सांगू? कल्याणीला द्यावीशी वाटली. क्षणभर, पण वाटली. नाकं मुरडू नका. जिनं सव्वा वर्ष एक रात्र सलग झोप घेतलेली नाही तिनं मुरडावं, मग आपण बोलू. सगळ्या बायांनी उपाय सांगितले होते, पण "दमलीस" असं कुणी म्हटलं होतं का? या एकीनं म्हटलं. कल्याणीचे हात पुढं झाले.

"दे," झुलवण म्हणाली. "अशी निजवते, की परत उठायचीच नाही."

हात जागच्या जागी गोठले.

"नाही!" कल्याणी ओरडली. वळून पळायला गेली, तर पाय पळेनात. उसळ्या घेत घेत तिलाच पुढं, झुलवणीकडं, नेऊ लागले. तीन पावलं राहिली. दोन राहिली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख पडलं. पाय आपले नाहीतच! हे वर-खाली चाललंय तोवर ते झुलवणीचे आहेत.

मग काय केलं? धप्पकन खाली बसली. होती तिथंच, मातीत, फतकल मारून!

आणि दुर्वानं जे भोकाड पसरलं! अंग ताठ, तोंड लाल, पाठीची कमान.

झुलवण भोवती घिरट्या घालायला लागली. "ऊठ! ऊठ गं! ऐकवतं तरी कसं तुला? आई आहेस की कोण?"

"आई आहे, म्हणूनच बसलेय!"

"मरेल रडून!"

"रडून नाही मरत. तुझ्याकडं दिली तर मरेल."

खालची जमीन खवळली. तव्यावरच्या लाहीसारखी कल्याणीला उडवू लागली. तिनं एका हातानं करंजाचं मूळ घट्ट धरलं, टाचा मातीत रोवल्या, दुसरा हात पोरीच्या पाठीवर ठेवला आणि तिच्या कानाशी बोलत राहिली. "रड, राणी. राग आलाय ना? येऊ दे. मी उठणार नाही, आणि तुला सोडणारही नाही. ही बघ मी. इथंच आहे."

"एकदाच उसळव," झुलवण गयावया करायला लागली. "एकदाच! लगेच गप्प होईल. तुलाही माहितीय."

माहीत होतंच. आणि ओढ लागली हो! गुडघे आपोआप शिवशिवले. मांडी इंचभर उचलली गेलीसुद्धा, आणि पदराला थंड बोटं लागली. कल्याणीनं पुन्हा बैठक मारली, मान वर केली आणि सगळी भीती, सगळं जागरण, बारशाच्या सगळ्या बाया, सगळं एकदम बाहेर आलं. वर्गातल्या आवाजात ओरडली ती, "खाली बस! बसायचं तर गप्प खाली बस, नाहीतर चालती हो इथून!"

झुलवण थबकली. बसू बघत होती ती, तुमची शपथ! गुडघे वाकले तिचे. पण अर्ध्यावर आले की पाय पुन्हा वर उडायचे. पुन्हा वाकायचे, पुन्हा उडायचे. तिला बसता येतच नव्हतं. तशीच उसळत उसळत ती मागं गेली, आणखी मागं, आणि दिसेनाशी झाली. खालून खडी घसरल्याचा आवाज आला. मग काही नाही.

कल्याणीनं बॅटरी पुढं धरली. तिच्या पायाच्या अंगठ्यापासून दोन वितींवर जमीन संपली होती. खाली जुनी खाण. आणखी एक उसळी, आणि खेळ खलास!

दुर्वा मात्र रडतच होती. भूत गेलं म्हणून पोर थोडीच गप्प होते! रडली, हुंदके दिले, पुन्हा रडली. कल्याणी पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मग हुंदक्यांमध्ये अंतर पडत गेलं. पोरीनं अंगठा तोंडात घातला, आईच्या पोटात नाक खुपसलं आणि झोपली. मांडीवर. न हलता.

मध्यरात्र उलटल्यावर आत्या कंदील घेऊन शोधत आल्या, सोबत आळीतली चार माणसं. काठावर सुनेला बघून आत्यांनी किंकाळी फोडली, "अगं माझे बाई—"

"शू!" कल्याणी म्हणाली. "झोपलीय. कुणी आवाज केला तर याच खाणीत ढकलीन."

पण एका रात्रीत सवय सुटते होय? दुसऱ्या रात्री पोरीला पुन्हा तेच हवं. कल्याणी खाटेवर पोरीला कुशीत घेऊन बसली. सुरुवातीला जरा डुललं, मग हळू, मग नुसतं थोपटलं, मग नुसता हात ठेवला. रडणं सगळ्या आळीनं ऐकलं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "किती रडवतेस गं पोरीला!"

"कुशीत घेऊन रडवतेय काकू, एकटीला टाकून नाही. सवय मीच लावली. सोडवीनही मीच."

आणि आत्या? आत्यांनी काकूंच्या तोंडावर दार लावून घेतलं!

नवव्या रात्री दुर्वा कुशीत शिरली आणि दहा मिनिटांत झोपली. कल्याणी मात्र जागीच. वाटलं, श्वास घेतेय ना? बघितलं. घेत होती. पुन्हा बघितलं. तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "दमलीस ना? दे."

कल्याणी उठलीसुद्धा नाही. पडल्या पडल्या म्हणाली, "दमलेय. देणार नाही." आणि कूस बदलून झोपली. सकाळी उन्हं अंगावर आली तरी दोघी झोपलेल्या.

तर बायांनो, करंजाच्या वाटेनं जाऊ नका. पंधरा मिनिटांत पोचवते म्हणून तर मुळीच जाऊ नका. पोर उठलं तर उठू दे, रडलं तर रडू दे, सडकेनं पाऊण तास चाला. आणि चुकून पाय तिकडं वळलेच, पायाखालची जमीन मऊ लागली, अंधारातून कुणी मायेनं हात पुढं केले, तर पळू नका. पोर घट्ट धरा आणि आहात तिथं मातीत बसा. उठवून दाखव म्हणावं!